डोक्यावरून आणलेली पोथी

सरदारानं आमच्या घरी पोथी वाचली, ही गोष्ट लोक आता दहा गावांत दहा तऱ्हेनं सांगून राह्यलेत. कुणी म्हणतं तो हिंदू झाला, कुणी म्हणतं आमच्या दादालाच त्यानं भुलवलं. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण मी बेबीनंदा, रामकिसनदादाची सख्खी बहीण, नवरा गेल्यापासून त्याच्याच घरात राहती. सगळं माझ्यासमोर झालंय. तेव्हा आधी माझं ऐका, आन् मंग काय म्हणायचं ते म्हणा.

त्याचं नाव हजूरासिंग. घनसावंगीला स्टँडच्या मागं त्याचं पत्र्याचं दुकान, त्यालाच लागून राहायची खोली. कोयते, विळे, कुऱ्हाडी बनवायच्या, धार लावून द्यायची. बापजाद्यांचा तोच धंदा. ऊस तोडायच्या दिवसांत धारेचं चाक जीपमध्ये टाकून गावोगाव फिरायचा. जन्म जालन्याचा, शाळा मराठी, त्यामुळं बोलणं बराबर आपल्यासारखं. फक्त पगडी आन् पांढरी दाढी तेवढी येगळी. आम्ही त्याला सिंगभाऊ म्हणायचो.

जालन्याला त्याच्या भाईबंदांच्या वस्तीत लहानसं गुरुद्वारा हाय. तिथं ग्रंथसाहिबाचा पाठ वाचायची त्याची पाळी असायची. ग्रंथसाहिबाला ते लोक पुस्तक म्हणतच न्हाईत, महाराज म्हणत्यात. गुरूच मानत्यात त्याला. रात्री निजवायचं, पहाटे उठवायचं, न्यायचं झालं तर डोक्यावरून न्यायचं, वरून चवरी ढाळायची, राजाला ढाळत्यात तशी. सिंगभाऊची बायको ग्यानकौर मागल्या साली गेली. मरायच्या आधी तिनं त्याच्याकडून वचन घेतलं होतं की माझ्या वर्षसराधाला पाठ तुम्हीच वाचायचा, दुसऱ्याच्या तोंडून नको. हे ध्यानात ठेवा.

आता आमचा दादा. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागती. एकानं वाचायची आन् दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, अशी आमच्याकडची रीत. पण दादा दोन्ही कामं एकटाच करायचा. सिंगभाऊ पहिल्यांदा आला तो धार लावायला. काम आटपून देवळाच्या पायरीवर टेकला आन् पोथी ऐकत बसला. पोथी सुटल्यावर म्हणाला, ह्या पोथीतल्या एका संताचे शब्द आमच्या महाराजांतबी, म्हणजे ग्रंथसाहिबात, हायेत. दादा म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस. म्हणाला, आपल्या मराठी मुलखातला संत तुमच्या ग्रंथात कशाला जाईल, दाखवा. गेला त्याच्यासंगं जालन्याला. डोक्याला उपरणं गुंडाळून गुरुद्वाऱ्यात बसला आन् ऐकून आला. जेवताना एवढंच म्हणाला, "आपलं सोनं त्यांनी इतकी वर्षं सांभाळलं, आन् आपल्याला पत्ताच न्हाई."

तेव्हापासून दोघांचं गूळपीठ. दादा त्यांच्या सणाला जालन्याला जायचा आन् तासन् तास पाठ ऐकायचा. हा श्रावणात आमच्याकडं यायचा. वाद तर असे घालायचे की वहिनी चहा ठेवून कंटाळायची. मी एकदा त्याला तोंडावर विचारलं, तुमचा एवढा मोठा ग्रंथ असताना आमच्या पोथीत काय ठिवलंय? तर म्हणाला, "बेबीताई, दुसऱ्याच्या ग्रंथाला खोटं म्हणू नको, असं आम्हाला महाराजांनीच सांगितलंय. खोटा तो, जो वाचतो आन् इचार करत न्हाई. मंग न वाचता मी काय इचार करू?"

पण एक गोष्ट होती. आरती सुरू झाली की हा उठायचा आन् भिताडाला टेकून उभा राहायचा. टाळी वाजवायचा न्हाई, पोथीला डोकं टेकवायचा न्हाई. माथा एकाच जागी टेकतो, म्हणायचा. मला तेव्हा राग यायचा. म्हटलं, ऐकायला गोड लागतं आन् वाकायला पाठ दुखती व्हय?

यंदा श्रावणात पोथी अर्ध्यावर आली आन् दादाला लकवा मारला. जालन्याच्या दवाखान्यातून घरी आणला तेव्हा वाचा गेल्ती, उजवी बाजू गेल्ती. डॉक्टरांनी सांगितलं की घरी न्या, जे खायला घालायचं ते घाला. आम्ही काय समजायचं ते समजलो. दादा नुसता डावा हात बाजेवर आपटायचा आन् देवळाकडं बघायचा. वहिनीला, म्हणजे चतुराबाईला, बराबर कळलं. लावलेली पोथी अर्धी सोडत न्हाईत. त्यात दादाच्या हातानं लागलेली. ती पुरी ऐकल्याशिवाय त्याचा जीव निघणार न्हाई, हे आम्हा दोघींनाबी दिसत होतं.

देवळाचा कारभार साहेबरावाकडं. तो बिचारा आला, बाजेजवळ बसला, वाचायला लागला. एसटीची पाटी वाचावी तसं वाचणं. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार? दादानं डोळे मिटून तोंड भिताडाकडं केलं. मंग डावा हात उचलून वर आढ्याला खोचलेला कोयता दाखवला. साहेबरावाला वाटलं, पाणी मागतोय. पण तो कोयता सिंगभाऊनं दिलेला होता. वहिनी उठली आन् म्हणाली, बेबे, चल, जीप बघ.

दुकानात सिंगभाऊ लोखंड तापवत होता. वहिनीनं सगळं सांगितलं. त्यानं तापलेलं लोखंड बाजूला ठेवलं. मंग म्हणाला, वाचीन, अर्थबी सांगीन, पण टिळा लावून घेणार न्हाई, आरती करणार न्हाई, दक्षिणा घेणार न्हाई. वहिनी म्हणाली, त्यांना तुमचा आवाज पाहिजे, बाकी मला काहीच नको.

इकडं साहेबराव अडून बसला. जो पोथीला नमस्कार करत न्हाई, त्यानं पोथी कशी वाचायची? वहिनी कधी मोठ्यानं बोलत न्हाई. त्या दिवशीबी बोलली न्हाई. म्हणाली, मालकाला विचारा. साहेबराव दादाजवळ गेला, दादाच्या डोळ्यातून पाणी आलं, आन् साहेबराव खाली मान घालून देवळाची किल्ली देऊन गेला.

मंग एक चूक झाली. देवळातून आमच्या घरी पोथी आणायची होती. सिंगभाऊनं आंघोळ केली, कोरं फडकं डोक्यावर घेतलं, त्याच्यावर पोथी ठेवली आन् अनवाणी निघाला. गावातल्या बायांनी वाटेवर पाणी शिंपडलं. ओसरीवर दादाच्या बाजेजवळ पाटावर पोथी ठेवली, मागं बसला, आन् खांद्यावरचा पंचा घेऊन तिच्यावर हळूहळू ढाळायला लागला. मला वाटलं, माशा हाकलतोय. लोक तर खूश. काय मान दिला, काय मान दिला, म्हणत हात जोडून राह्यले. तेवढ्यात त्याचा हात थांबला. तोंडावरचं रगत उतरलं. पंचा खाली ठेवून त्यानं वाचायला घेतलं.

जायच्या वेळेला मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "बेबीताई, जन्मभर हाताला एकच वळण. ग्रंथ म्हटला की हात आपोआप तसंच करतो. पण तो मान एकट्या गुरूचा. आज मी तो दुसऱ्याला दिला. वाचणं पाप न्हाई. हे पाप झालं."

मी म्हटलं, कुणाला कळणार हाय? पण आजकाल कुणाला काय कळत न्हाई! कुणीतरी मोबाइलवर काढलं होतं. दुसऱ्या दिवशी ते जालन्यात त्यांच्या वस्तीत पोहोचलं, आन् येत्या रविवारी संगतीपुढं हजर व्हा म्हणून निरोप आला. संगत म्हणजे त्यांची सगळी जमात. मी हट्टानं त्याच्यासंगं गेले. म्हटलं, साक्ष द्यायला कुणीतरी पाहिजे.

तिथं सगळे खाली बसलेले, हा हात जोडून उभा. त्यांचे प्रधान किरपालसिंग. माणूस वाईट न्हाई, उगाच कशाला खोटं बोलू. आवाज चढवला न्हाई त्यांनी. म्हणाले, दुसऱ्यांचे ग्रंथ वाचायला, समजून घ्यायला आपल्यात मनाई न्हाई. पण महाराजांच्या बरोबरीनं दुसरा ग्रंथ मांडणं, हे कसं चालंल? मागून एकजण ओरडला, ह्यानं धरम विकला. मला राहवलं न्हाई, मी उठले, पण सिंगभाऊनं हातानंच बस म्हणून खुणावलं.

मंग निकाल झाला. एक, चूक कबूल करून शिक्षा घ्यायची: दारात बसून संगतीचे जोडे पुसायचे. दोन, त्या ओसरीवर पुन्हा बसायचं न्हाई. दुसरी गोष्ट मान्य नसेल तर इथं ह्याच्या तोंडून पाठ बंद. बायकोच्या वर्षसराधाचाबी.

ग्यानकौरचं वर्षसराध भादव्यात, तोंडावर आलं होतं. घरी महाराजांना ठेवायचं तर येगळी खोली लागती, ती ह्याच्याकडं न्हाई. म्हणजे इथं बंद तर ग्यानकौरला दिलेलं वचन मोडलं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हण रे बाबा, आमच्या दादाचं आम्ही बघून घेऊ. आन् दुसरं मन म्हणत होतं, न्हाई म्हण.

तो म्हणाला, "पहिली चूक माझी. जोडे पुसीन, जितके दिवस सांगाल तितके. पण रामकिसननं इथं, ह्या सतरंजीवर बसून, डोकं झाकून, वर्षानुवर्षं आपली वाणी ऐकली. आता त्याचं ऐकायचं राहिलंय, आन् त्याच्याजवळ दिवस न्हाईत. मी वाचणार."

किरपालसिंग म्हणाले, ग्यानकौरला काय सांगशील? ह्यानं महाराजांपुढं माथा टेकला आन् दारात जोड्यांपाशी जाऊन बसला. मला तर तिथंच रडू फुटलं.

परत येताना अंबडच्या बसमध्ये मी त्याला बोल बोल बोलले. म्हटलं, थोडं वाकला असता तर काय बिघडत होतं? तिथंबी वाकायचं न्हाई, इथंबी वाकायचं न्हाई. खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, तिथं वाकलोच की, ताई. जोडे पुसायला वाकूनच बसावं लागतं.

मंग रोज यायचा. पोथी आता वहिनी पाटावर मांडून ठेवायची, हा नुसता समोर बसून वाचायचा. हात मांडीवर, हलू द्यायचा न्हाई. आवाज असा की वासरूबी कान टवकारायचं. दादा टक लावून बघायचा, मधेच भुवई उचलायचा, म्हणजे अर्थ पटला न्हाई. मंग सिंगभाऊ तीच ओवी पुन्हा फोडून सांगायचा. साहेबराव आधी रस्त्यावर थांबायचा, मंग अंगणात, मंग ओसरीवर येऊन बसला.

शेवटच्या दिवशी सकाळपासून दादाचा श्वास लागला होता. शेवटचा अध्याय सुरू झाला. थोडंच राहिलं होतं आन् मी बघितलं, दादाची छाती हलत नव्हती. माझ्या तोंडून किंकाळी निघणार, तेवढ्यात वहिनीनं माझं मनगट धरलं. तिनंबी बघितलं होतं. सिंगभाऊनंबी. त्याचा आवाज अडला.

वहिनी म्हणाली, "वाचा भाऊ. लांब गेले नसतील अजून."

आन् त्यानं वाचलं. शेवटच्या अक्षरापर्यंत, एक ओवी न गाळता. मंग पोथी मिटली, उठला, आन् नेहमीसारखा भिताडाला टेकून उभा राहिला. त्या दिवशी मला त्याचा बिलकुल राग आला न्हाई.

दादाचा तेरावा झाला, आन् आठवडाभरानं ग्यानकौरच्या पाठाची समाप्ती आली. नवरा जाऊन महिना न झालेली बाई घराबाहेर पडत न्हाई. पण वहिनी म्हणाली, मी जाणार. लोक काय म्हणतील, हे मी म्हणायला नको होतं, पण म्हटलं. ती पदर नीट करून जीपमध्ये जाऊन बसली.

गुरुद्वाऱ्याच्या दारात सिंगभाऊ गोणपाटावर बसला होता. समोर जोड्यांची रास, हातात फडकं. आत एक पोरगेला पाठी, म्हणजे पाठ वाचणारा, ग्यानकौरचा पाठ वाचत होता. ज्या बाईनं दुसऱ्याच्या तोंडून नको म्हटलं, तिच्यासाठी दुसराच वाचत होता, आन् हा बाहेर जोडे पुसत होता. त्याचे ओठ हलत होते. एकेक शब्द त्या पोराच्या संगं, बिनआवाजी. पोरगं एका जागी अडखळलं तर हे ओठ पुढं गेले आन् वाट बघत थांबले.

वहिनीनं चपला काढल्या आन् मागं लपवायला गेली. त्यानं हात पुढं केला. ती म्हणाली, तुमच्या हातानं नको, भाऊ. तो म्हणाला, आज न्हाई म्हणू नका. तिनं दिल्या. आम्ही डोकं झाकून आत बसलो.

पाठ संपला. मंग सगळे उभे राहिले. शेवटची प्रार्थना असती त्यांची, अरदास म्हणत्यात. किरपालसिंग स्वतः म्हणत होते. त्यांनी ग्यानकौरचं नाव घेतलं, तिला चरणाशी जागा दे म्हणाले. तिथं थांबले. मला वाटलं, संपलं. संगतीत चुळबूळ झाली. किरपालसिंगांनी एकदा दाराकडं बघितलं, मंग पुन्हा हात जोडले, आन् त्याच आवाजात म्हणाले, "आन् इथं येऊन तुझी वाणी ऐकणारा रामकिसन, त्यालाबी."

वहिनीनं डोळे मिटले. मी दाराकडं वळून बघितलं. दादा गेला तेव्हा ज्याच्या डोळ्यातून टिपूस आलं न्हाई, तो सिंगभाऊ वहिनीची चप्पल दोन्ही हातांनी छातीशी धरून लेकरासारखा रडत होता.