चिठ्ठीतली दुसरी ओळ

रूथमावशी गेल्याचा निरोप मला कुणी दिला नाही. तो मीच सगळ्यांना दिला. सकाळी चहा घेऊन गेले, तर त्या रोजच्यासारख्या दाराकडे तोंड करून निजलेल्या... चहा तसाच परत आणला. त्याला आता सहा आठवडे झाले.

नांदेडच्या आमच्या गल्लीत त्यांचं नि माझं घर भिंतीला भिंत लागून. त्या बिलोलीकडच्या, ख्रिस्ती, दवाखान्यात आया म्हणून राबलेल्या. मी बौद्ध, कचेरीतली कारकून आणि तोंडाची फटकळ. देवाशी माझं कधी जमलं नाही. पण मावशींची नजर अधू झाली आणि त्यांच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकतात, मग पाळक त्या वाचून देवाकडे मागणं करतात. मावशी दर शनिवारी चिठ्ठी सांगायच्या, वर्षभर एकच, एकुलत्या एका मुलाची, अनिलची.

अनिल हॉटेलात स्वयंपाकी म्हणून परदेशी गेला आणि एजंटाने त्याला लढाईत लोटलं. ना लढाई त्याची, ना देश. शेवटच्या फोनवर म्हणाला, वर्दी चढवलीय, थंडी फार आहे, तू गोळ्या वेळेवर घे. त्यानंतर काही नाही. कागदावर ‘बेपत्ता’. सापडलेल्या मृतदेहांशी ओळख पटवायला सरकारी माणसं मावशींचं रक्त घेऊन गेली, त्याचंही उत्तर आलं नाही.

चिठ्ठीत दोन ओळी असायच्या. पहिली, अनिल सुखरूप परत यावा म्हणून. दुसरी, त्याच्यावर बंदूक रोखून उभा असेल त्याच्यासाठी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मावशी म्हणाल्या, “त्याला बी माय असंल की. ती बी माज्यावानी दाराकडं बघून राहिली असंल.”

पुढे त्यांनी अंथरूण धरलं, चिठ्ठी मीच पोचवू लागले. आणि दुसरी ओळ गाळू लागले. त्या सांगायच्या, मी कागदावर नुसतं पेन फिरवायचे. ज्याने आपलं पोर मारलं असेल त्याचं भलं मी का मागू? एकदा पाळक प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षरस द्यायला घरी आले. येताना चिठ्ठी घेऊन आले होते, ती त्यांनी उशाशी बसून मोठ्याने वाचली. एकच ओळ... मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पुढच्या शनिवारी मावशींनी दुसरी ओळ आधी सांगितली, आणि ती लिहून होईपर्यंत अनिलचं नाव घेतलं नाही.

शेवटी शेवटी मी विचारलं, मावशी, किती दिवस लिहायचं हे? त्या म्हणाल्या, “मेलेल्यासाठी आमच्यात मागणं करत न्हाईत, बाई. चिठ्ठी जाऊन राहिली तवर हाय त्यो.”

कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या त्यांनी कापून ठेवलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या आता माझ्या टेबलावर आहेत. शनिवारी एक घेते. बंदूकवाल्याची ओळ हल्ली मुकाट लिहून होते. अनिलची लिहवत नाही. तो येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ती जागा कोरी सोडली, तर त्याला मारणारी मीच ठरेन... म्हणून लिहिते, आणि रविवारी डब्यात टाकून येते.