दरीपलीकडचा चेंडू

हे मी पूर्ण असं कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला या दिवाळीत अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं — ते अजून ओठांवर आलेलं नाही. आज तुमच्याजवळ बोलते.

माझे मिस्टर, प्रभाकर. मस्कतच्या नोकरीत त्यांना गोल्फचा नाद लागला, पुण्यात परतल्यावरही तो सुटला नाही. मग अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, चालताही येऊ लागलं, पण उजवा हात जणू दुसऱ्याच कुणाचा. व्यायामाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करून पडायचे.

झटक्यानंतरच्या दिवाळीला आम्ही सासरी, खामगावला गेलो. रफीकभाई, यांचे शाळेपासूनचे मित्र, सरकीचे व्यापारी. ते आले आणि पलंगाशीच उभे राहिले. "पडून पडून सडशीन बे! चाल, मी घेऊन जातो तुले."

बुलढाण्याजवळ, घाटाच्या कडेला एका हौशी माणसानं हॉटेल काढलंय, सोबत छोटंसं गोल्फचं मैदान. छोटं, पण भलतंच अवघड. सगळा चढउतार, जागोजागी मुरूम, आणि शेवटच्या होलला तर मधे दरीच! अलीकडून मारायचं, चेंडू पलीकडच्या हिरवळीवर पडला पाहिजे.

प्रभाकरनी मारला. दरीत. पुन्हा मारला. दरीत. हात थरथरत होता, तरी ऐकेनात. मागं एक कुटुंब खोळंबलेलं, त्यांची चुळबुळ मला पाठीवर जाणवत होती. माझे गुडघे दुखत होते. चेंडू कुठं पडतो ते बघायला म्हणून मी लोखंडी पुलावरून पलीकडे गेले — खरं तर त्या लोकांच्या नजरेतून सुटायला.

पुढचा चेंडू आला, कड्याच्या खडकावर आपटला आणि खाली गेला. मी पाहिलं. त्या बाजूच्या सगळ्यांच्या डोळ्यांवर उतरतं ऊन होतं, कुणालाच दिसलं नाही. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत जादा चेंडू होते. मी एक काढला, गवतावर टाकला आणि हात वर केला.

"पोचला बे! अबे, पोचला!" रफीकभाईंनी यांना उचलायचंच बाकी ठेवलं होतं. आणि प्रभाकर — रडत होते.

दुसऱ्या दिवसापासून ते व्यायामाला लागले. हळूहळू हात वळू लागला, सही जमू लागली. घरी येईल त्याला त्या फटक्याची गोष्ट. ऐकणारे माझ्याकडे वळून म्हणत, वहिनी, तुम्ही खंबीर राहिलात म्हणून हे झालं.

मी खंबीर होते? चेंडू मी त्यांच्या आनंदासाठी टाकला, असं मीही स्वतःला किती वेळा सांगून पाहिलं! नाही हो. मला खोलीवर जाऊन पडायचं होतं. आणि त्याहून वाईट — पुलावरून जाताना मी मनाशी म्हटलं होतं, हा माणूस आता काही सुधारत नाही. अगदी शांतपणे म्हटलं होतं. ज्यांच्याबरोबर संसार केला, त्यांचा हिशेब मी तिथंच मिटवून टाकला होता. चेंडू टाकला तो त्यानंतर.

या दिवाळीत त्यांनी पुन्हा तिथंच जायचा हट्ट धरला, रफीकभाईही सोबत आले. दरीच्या काठावर उभे राहिले, चेहरा लहान मुलासारखा फुललेला. माझ्यानं राहवलं नाही. "अहो, त्या दिवशीचा चेंडू दरीतच गेला होता. गवतावरचा तो मी टाकलेला."

रागावले की यांची वऱ्हाडी बाहेर येते. "काऊन सांगून राह्यली आता?"

काऊन? का बरं सांगितलं मी? पुलावर मनात आलेलं तर सांगवलंच नाही.

रफीकभाई खाली बसून बूट झटकू लागले. मग प्रभाकरनी खाली वाकून चेंडू ठेवला — उजव्या हातानं — आणि मारला. दरीत. दुसरा ठेवला. तोही दरीत, पण पलीकडच्या कड्याला चाटून.

मागं दोन जोडपी येऊन थांबली होती. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "तुम्ही पुढे व्हा. आम्हाला वेळ लागणार आहे."