ब्रिजेट आंटीच्या हळू गोळ्या

“या कागदावर पहिली सही तुझीच काय गो?”

दार उघडल्याबरोबर हा प्रश्न आला, आणि तोही मराठीत. कॅनडात, ऑटवाशेजारच्या कनाटा या उपनगराच्या पश्चिमेला शेतं संपवून जी नवी घरं उभी राहिली, त्यातल्या एका घरात येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. रविवार, सकाळचे साडेनऊ. दारात जेमतेम पाच फुटांची, आखूड पांढऱ्या केसांची, नारिंगी रेनकोट घातलेली बाई उभी होती आणि तिच्या हातात आमच्या अर्जाची फोटोकॉपी होती. आमच्या घरामागे, झाडांच्या पट्ट्यापलीकडे एक जुना रायफल क्लब आहे. त्याच्या आवाजाने जगणं कठीण झालंय, नेमबाजीची रेंज बंद करा, असा अर्ज आम्ही टाऊनशिपच्या कौन्सिलकडे दिला होता. पहिली सही माझीच होती. मसुदाही माझाच. मी टेलिकॉम कंपनीत सिग्नलमधला गोंगाट वेगळा काढायचं काम करते, त्यामुळे अर्जाला आवाजाचे आलेख जोडायची हौसही माझीच.

“मी ब्रिजेट. वसईची. त्या क्लबात मी नेम मारते,” त्या म्हणाल्या. “तू लिहिलंस की तुझी पोर झोपेतून दचकते. मला बघायचंय ती कशी दचकते. बसू काय?”

मी त्यांना आत घेतलं. सात महिन्यांची ईरा नुकतीच झोपली होती. आंटी तिच्या पाळण्याशेजारी खुर्ची ओढून, हात मांडीवर ठेवून बसल्या. दहा वाजता रेंज सुरू झाली. पहिल्याच बाराला ईराचे दोन्ही हात हवेत गेले, ओठ थरथरला आणि तिने टाहो फोडला. मी तिला उचललं. आंटी खुर्चीवरून उठल्या.

“खरंय तुझं,” त्या म्हणाल्या. “चूक आमची. पण बंद नको करू गो. आवाज कमी करू. तुझ्या त्या आलेखांची कॉपी दे मला.”

वाद घालायच्या तयारीत असलेल्या माणसाची याहून मोठी पंचाईत नसेल. मी कॉपी दिली. वर चहाही दिला.

ब्रिजेट आंटी तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. वसईच्या कॉलेजात एन.सी.सी.मध्ये त्यांनी पहिल्यांदा रायफल हातात घेतली आणि पहिल्याच महिन्यात सगळ्या मुलामुलींना मागे टाकलं. दिल्लीच्या कॅम्पसाठी निवड झाली. केळीच्या बागेत पाणी सोडत असलेल्या वडिलांनी मान वर न करता “नाय” म्हटलं, आणि तो विषय संपला. पुढे लग्न होऊन त्या कॅनडात आल्या, तीस वर्षं ऑटवाच्या एका हॉस्पिटलात औषधं मोजली, दोन मुली वाढवल्या. “रिटायर झाले त्याच आठवड्यात बंदुकीच्या लायसन्सच्या कोर्सला अप्लाय केलं,” त्या सांगायच्या. “आयुष्यभर एका जातीच्या गोळ्या मोजल्या, आता दुसऱ्या जातीच्या.”

त्या दुसऱ्या गोळ्या त्या विकत घेत नसत, घरी तयार करत. त्यांच्या बेसमेंटमध्ये मी पहिल्यांदा उतरले तेव्हा मला हॉस्पिटलची फार्मसीच दिसली. पांढरं टेबल, नाजूक तराजू, ओळीने लावलेली वापरलेली पितळी काडतुसं. ती घासून लख्ख करायची, बुडाला नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, बसवायचा, मोजून बंदुकीची दारू भरायची, वर नवी गोळी दाबून बसवायची. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. रेडिओ बंद. फोन वरच्या मजल्यावर. डबा उघडण्याआधी त्या क्रूसाची खूण करत आणि मग चष्मा चढवत. भरलेल्या दारूचा आकडा जमला की त्यांचा ठरलेला शब्द यायचा: “परत तोल.” आकडा बरोबर असला तरीही. “पहिल्यांदा आपण बरोबर आहोत असं वाटतं. दुसऱ्यांदा कळतं.”

कौन्सिलने निकाल दिला तो असा: घरांपाशी आवाज ठरलेल्या मर्यादेखाली आणा, ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतर आमची माणसं येऊन मोजतील. जमलं नाही तर रेंजला कुलूप. हातात मे ते ऑक्टोबर एवढाच वेळ होता.

क्लबचा अध्यक्ष गॉर्ड हा उंच, मवाळ, निवृत्त सुतार. त्याने मला पाहिल्यावर जरा मान आखडली, पण आंटींनी “शी इज विथ मी” म्हटल्यावर खुर्ची दिली. पहिल्याच बैठकीत मी विचारलं, “अमेरिकेत बंदुकीला सायलेन्सर लावतात ना? मग अडचण काय?”

“अमेरिकेत तो दुकानात मिळतो,” आंटी म्हणाल्या. “इथे लावला तर तुरुंगात जागा मिळेल.”

गॉर्डचा एक चुलतभाऊ सीमेपलीकडे राहायचा. त्याने हौसेने तिथल्या सायलेन्सरांचे कॅटलॉग पाठवले होते. कुठला रायफलीला हलका, कुठला जास्त टिकाऊ, कुठला किती आवाज खातो. दोघेतिघे सदस्य ते चाळून कुठला निवडावा यावर भांडत बसले होते, आणि सरकारकडे कायदा बदलायची मागणी करू म्हणत होते. आंटींनी ते कॅटलॉग माझ्यापुढे सरकवले. “कायदा बदलेपर्यंत रेंजवर घरं उभी राहतील. आपल्याला हे घ्यायचं नाय. पण आत काय असतं ते सांग, तू इंजिनीयर ना?”

मी चित्रं पाहिली. आत एकामागोमाग कप्पे. नळीतून सुटलेला गरम वायू त्यात अडखळत, पसरत, थंड होत बाहेर पडतो, म्हणून त्याचा धमाका होत नाही. “मग हेच बंदुकीला न लावता, आपण नेम मारतो त्या शेडला करता येईल काय?” आंटींनी विचारलं. गॉर्डने खिशातली पेन्सिल काढली. पण कामाला हात घालण्याआधी आंटींनी प्रांताच्या बंदूक-अधिकाऱ्याला पत्र लिहून, इमारतीच्या भिंतींना आवाज शोषणारं अस्तर लावणं कायद्यात बसतं, असं लेखी उत्तर मागवून घेतलं. ते हातात येईपर्यंत त्यांनी एक खिळा ठोकू दिला नाही.

जून-जुलैत शेड बदलली. भिंती जाड झाल्या, आतून आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीच्या गाद्या आणि त्यावर भोकांचं प्लायवूड, छप्पर पुढे ओढलं, घरांच्या बाजूला मातीचा बांध घातला. मॅटर्निटी लीव्हवर असल्यामुळे मला दुपारी सवड होती. ईराला समीरकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, सोपवून मी यायची. पहिली चाचणी झाली. मी आमच्या अंगणात मीटर घेऊन उभी. आवाज उतरला होता, पण मर्यादेच्या बराच वर होता.

आलेख मोठा करून पाहिला तेव्हा मला दिसलं. प्रत्येक बाराला दोन टोकं होती. दुसरं टोक बंदुकीच्या तोंडाचं. ते शेडने जवळपास खाल्लं होतं. पहिलं टोक गोळीचं. आवाजापेक्षा वेगाने जाणारी गोळी स्वतःच हवेत चाबकासारखी कडाडत जाते.

“आंटी, जगातला सगळ्यात महाग सायलेन्सर लावला असता तरी हा कडाका राहिला असता,” मी म्हटलं. “गोळी फार जोरात जाते.”

त्यांनी आलेखातल्या त्या पहिल्या टोकावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “मग गोळीलाच हळू चालायला शिकवू.”

रोजचा सराव शंभर मीटरवरचा. तेवढ्यासाठी गोळीला इतक्या वेगाची गरज नव्हती. दारू कमी, गोळी जड, वेग आवाजाच्या वेगापेक्षा कमी. बोलायला सोपं, पण दारू वाजवीपेक्षा कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. आंटींनी जुनी पुस्तकं काढली, दारू बनवणाऱ्यांना पत्रं लिहिली आणि ऑगस्टमध्ये पहिल्या हळू गोळ्या रेंजवर आणल्या. “ठप्” असा आवाज आला, जाड पुस्तक मिटल्यासारखा. गॉर्ड हसायलाच लागला. माझ्या मीटरचा आकडा मर्यादेखाली होता.

आणि मग डेनिसने घोळ केला. डेनिस ट्रक चालवायचा. मनाचा चांगला, हाताचा घाईचा. आंटींच्या गोळ्या पाहून त्याने घरी अंदाजाने स्वतःच्या भरल्या. त्या बुधवारी मी शेडमध्ये होते. सगळ्यांच्या “ठप् ठप्” मध्ये त्याच्या जागेवरून “फुस्स” असं काहीतरी झालं. डेनिसने खांदे उडवले, रायफलीचा बोल्ट मागे ओढला आणि पुढची गोळी आत सरकवली.

“सीझ फायर!”

तीन जागा पलीकडून, त्या पाच फुटांच्या देहातून असा आवाज निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. सगळे थिजले. आंटी चालत गेल्या आणि डेनिसच्या रायफलीवर तळहात ठेवला. गोळी बाहेर काढली, बोल्ट उघडा ठेवला, गॉर्डने नळीत सळई घातली. ती अर्ध्यावर अडली. आधीची गोळी आतच बसली होती. दुसरी सुटली असती तर नळी डेनिसच्या तोंडासमोर फुटली असती. तो पांढराफटक पडला आणि पायरीवर बसला. आंटी त्याच्या शेजारी बसल्या. त्याचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला.

संध्याकाळी बैठक झाली. हळू गोळ्या बंद करा, असंच सगळ्यांचं म्हणणं. “इट्स ओव्हर, ब्रिज,” गॉर्ड म्हणाला. “रेंज गेली तरी चालेल, माणूस जायला नको.”

आंटी उभ्या राहिल्या. “डेनिसची चूक आहे, पण माझी मोठी आहे. मी गोळ्या दाखवल्या, धोका नीट शिकवला नाय. हॉस्पिटलात असं केलं असतं तर मला घरी पाठवलं असतं.” मग त्यांनी सांगितलं ते कोणाला अपेक्षित नव्हतं. चाचणीसाठी सहाच नेमबाज, सहाच रायफली. प्रत्येक रायफल त्या स्वतः आधी तपासणार. सगळ्या गोळ्या त्यांच्याच टेबलावर भरल्या जाणार, प्रत्येकीचा आकडा दोन माणसं वाचणार. “एक जरी चुकली, तर कुलूप मीच लावते.”

डेनिसनेच पहिला हात वर केला. “तिच्या हातची गोळी मी डोळे मिटून उडवीन,” तो म्हणाला.

“डोळे उघडे ठेव ओन्ली,” आंटी म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

आकडे वाचणारं दुसरं माणूस मी झाले. सहा आठवडे, दुपारी दोन ते चार, तीनशे साठ गोळ्या. त्या वाचत, मी वाचत असे, आणि मग “परत तोल.” एके दिवशी मला ताप होता तर त्यांनी काम थांबवलं, सूप पाजलं आणि घरी सोडलं. “आजारी डोळ्याला सुट्टी,” म्हणाल्या. मधेच मी विचारलं, एवढा आटापिटा कशाला? दुसरा क्लब तासाभरावर आहे. त्यांनी तराजूवरून नजर काढली नाही. “एकदा कोणीतरी नाय म्हणालं आणि मी ऐकलं. तेव्हा मी अठराची होते. आता मी कोणाचं ऐकणार नाय.”

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी कौन्सिलच्या अधिकारी बाई आमच्या अंगणात मीटर लावून उभ्या राहिल्या. सोबत दोन कौन्सिलर, कुंपणापलीकडे अर्ध्या गल्लीची माणसं. लाल मेपलची पानं गळत होती, वारा नव्हता, म्हणजे आवाज लपायला जागा नव्हती. ईरा माझ्या कडेवर. रेंजवरचा गॉर्ड फोनवर होता. बाई म्हणाल्या, “ओके, टेल देम टू स्टार्ट.”

आम्ही ऐकत उभे राहिलो. लांब कुठेतरी कोणाचा तरी पानं उडवणारा लीफ ब्लोअर चालू होता. एक कुत्रा भुंकला तेव्हा मीटरचा आकडा उडाला आणि सगळे दचकले. तेवढंच. दहा मिनिटं गेली. बाईंनी घड्याळ पाहिलं, फोन हातात घेतला आणि जरा चिडून विचारलं, “सर, व्हेन आर यू गोइंग टू बिगिन?”

मग गॉर्डचा आवाज, हसू दाबत असलेला: “मॅम, वी हॅव फायर्ड हंड्रेड अँड ट्वेंटी.”

कुंपणापलीकडून कोणीतरी शिट्टी मारली. एक कौन्सिलर आपली टोपी काढून डोकं खाजवायला लागला. बाईंनी मीटर तपासला, पुन्हा तपासला, उरलेल्या गोळ्या संपेपर्यंत थांबल्या आणि कागदावर सही केली. मी ईराला घेऊन झाडांच्या पट्ट्यातून तशीच रेंजकडे धावले. आंटी शेडच्या पायरीवर कानावरचे संरक्षक काढून बसल्या होत्या. माझा चेहरा पाहून त्यांना कळलं. त्या उठल्या, माझ्याकडून ईराला घेतलं आणि तिला घेऊन शेडभर नाचल्या. सहा फुटी डेनिस मागे मागे टाळ्या वाजवत. नोव्हेंबरात कौन्सिलने एकमताने रेंज चालू ठेवली. पूर्ण ताकदीच्या गोळ्यांसाठी महिन्यातल्या दोन शनिवारच्या दुपारी ठरल्या, आणि त्यालाही आमच्या गल्लीने हरकत घेतली नाही.

पुढे मीही लायसन्स काढलं. दोन हजार एकोणीस साली आंटींनी घर विकलं आणि थोरल्या मुलीकडे हॅलिफॅक्सला जायचं ठरवलं. जायच्या आदल्या बुधवारी त्यांनी मला एकटीला गोळ्या भरायला लावल्या आणि स्वतः वर जाऊन स्वयंपाक करत राहिल्या. खाली आल्यावर काही न विचारता त्यातल्या पाच उचलल्या, रेंजवर नेल्या आणि स्वतःच्या रायफलीतून उडवल्या. लक्ष्यावरच्या पाचही भोकांवर टूनीचं, म्हणजे दोन डॉलरचं, नाणं ठेवलं तर ती झाकली जातील, इतकी ती जवळ होती. आंटींनी तो कागद माझ्या हातात दिला आणि माझ्या गालावर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या.

ख्रिसमसच्या आधी त्यांचा फोन आला. तिथल्या क्लबात पहिल्याच स्पर्धेला गेल्या तर दारावरच्या माणसाने खुर्ची दिली आणि अदबीने विचारलं, “आर यू वेटिंग फॉर समवन, मॅम?”

“मग काय म्हणालात?”

“म्हटलं, येस, फॉर द रिझल्ट्स.”

“आणि?”

“आणि काय गो,” आंटी म्हणाल्या, आणि पलीकडे त्यांचं हसू थांबेचना. “पहिली आले.”