आयरिश पबमधली बंद खिडकी

भुतंखेतं, भास, अंगात येणं... यातलं काहीच मी कधी मानलं नाही. माझा विश्वास फक्त संशयावर. दुकानदार कितीही ताजं म्हणाला तरी लबानच्या, म्हणजे इकडच्या ताकाच्या, बाटलीवरची तारीख मी स्वतः बघते. त्यामुळे हे वाचून कुणी मला भोळी समजणार असेल तर आधीच सांगते, मी तिथे भूत बघायला गेले नव्हते. नवऱ्याला पकडायला गेले होते.

आम्ही मूळचे नाशिकचे, कतारमध्ये दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात राहतो. माझा नवरा मिलिंद गॅस प्लँटवर मेंटेनन्स इंजिनियर आहे, मी एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनवर. मुलगी ईरा, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देणारी. गेल्या वर्षी मिलिंदचा धाकटा भाऊ नितीन बाइकच्या अपघातात गेला. मिलिंद नाशिकला जाऊन सगळे विधी करून आला, आणि आल्यापासून घरात बोलेनासाच झाला. रडला नाही, चिडला नाही. नुसतं ‘हं’, ‘ठीक’, ‘बघू’. मी खूप विचारून बघितलं, मग वैतागले, मग विचारणंच बंद केलं. माझा नवरा समोर बसून जेवत होता आणि मला त्याची आठवण येत होती.

अशात त्याने शनिवारी दुपारी बाहेर जायला सुरुवात केली. म्हणे गाडी धुवायला. गाडी परत यायची ती धुळीने माखलेलीच, पण हा मात्र मोकळ्या चेहऱ्याने यायचा. वरण-भात मागून घ्यायचा, कधी गुणगुणायचा. महिनोन्महिने गप्प असलेला नवरा अचानक खुशीत दिसायला लागला की बायकोने काय समजायचं, तुम्हीच सांगा.

मग धुण्याला टाकलेल्या शर्टाच्या खिशात ग्लासाखाली ठेवतात तो पुठ्ठ्याचा तुकडा सापडला. हिरवा, त्यावर त्रिदल पान, खाली एका हॉटेलचं नाव. इकडे पब असतात ते हॉटेलांतच, आणि हा तर ॲसिडिटीमुळे बिअरला हातही लावत नाही.

विचारलं तर त्याने लगेच कबूल केलं. हो, त्या हॉटेलात आयरिश पब आहे, मी जिंजर एल घेतो, आल्याचा साधा सोडा, बरं वाटतं तिथे. बरोबर कोण असतं, विचारलं. तो म्हणाला, “कुणी नाही.” पण ते म्हणायच्या आधी थांबला. त्या थांबण्यानेच माझं डोकं फिरलं.

पुढच्या एका शनिवारी प्लँटवर शटडाउनचं काम निघालं आणि त्याला ड्यूटी लागली. म्हटलं, हीच वेळ. हा नसताना तिथल्या माणसांकडून काढून घेऊ. ईराला क्लासला सोडलं आणि सरळ हॉटेल गाठलं. दाराशी आयडी कार्ड दाखवावं लागतं. सिक्युरिटीवाल्याने कार्डाकडे बघितलं, मग माझ्या पंजाबी ड्रेसकडे, आणि आत सोडलं.

आत शिरल्यावर रागाच्या भरातही मी थबकले. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आत कुठल्या तरी पावसाळी गावातलं किराणा दुकान असावं तसा अंधुक पिवळा उजेड. काळपट लाकूड, छताला टांगलेली सायकल, फळ्यांवर चहाचे जुने डबे, भिंतीवर घोड्याचे नाल. ऑफिसच्या कामासाठी मिलिंद बरेच देश फिरलाय. तो मागे एकदा म्हणाला होता की जगात कुठेही जा, आयरिश पबात एकट्या माणसाला कुणी ‘एकटेच का’ असं विचारत नाही. ही गोष्ट मला तेव्हा गमतीची वाटली होती.

दीपक नावाचा नेपाळी वेटर आला. मी मिलिंदचा फोटो दाखवून मिसेस असल्याचं सांगितलं. तो खूश झाला आणि मला कोपऱ्यातल्या लाकडी खोपटात घेऊन गेला. याला स्नग म्हणतात. पूर्वी आयर्लंडमध्ये बायका, पाद्री, हवालदार वगैरे मंडळी चारचौघांना न दिसता प्यायला बसायची ती जागा. हा स्नग तिथल्याच एका पाडलेल्या पबातून सुटा करून कंटेनरने आणलाय, असं दीपक कौतुकाने सांगत होता. बसायला बाक, एक टेबल, आणि दोन झडपवाल्या खिडक्या. एक बारकडे उघडणारी, टकटक केलं की ड्रिंक आत देतात. दुसरी समोरच्या भिंतीत, बंद.

दीपकने न विचारता जिंजर एलचे दोन ग्लास आणून ठेवले. मी विचारलं, दो क्यों? तो म्हणाला, सर हमेशा दो मँगवाते हैं.

झालं. दुसरा ग्लास कुणाचा, कोण येतं, हे मी त्याला परत परत विचारलं. कोई नहीं आता मॅडम, हे एकच उत्तर. म्हटलं, चांगला पढवून ठेवलाय याला. तो गेल्यावर मी बाकावर लांब केस शोधले, उशी हुंगून बघितली... हो, हुंगली.

तेवढ्यात बंद खिडकीवर पलीकडून टकटक झाली.

“आलात का मिलिंदराव? बसा. जेवलात?”

बाईचा आवाज. मराठी. आणि तो आवाज माझा होता.

‘मिलिंदराव’ मी त्याला नव्या नवलाईत चिडवायला म्हणायची, नितीन गेल्यापासून एकदाही म्हटलं नव्हतं. मी गप्प बसून राहिले. पुन्हा तोच आवाज, शांत, अजिबात घाई नसलेला. “बोलायचं नसेल तर नका बोलू. मी आहे इथे.”

हे वाक्य मी कधीच म्हटलेलं नाही. म्हणायला हवं होतं, हे मात्र ऐकताक्षणी कळलं, आणि मला त्या बाईचा असा मत्सर वाटला की सांगता येत नाही. मी झडप ओढली. हलेना. पट्टीवर खिळे, फटींत रंग भरलेला. टेबलाखाली वाकून स्पीकर शोधला, मोबाइल शोधला. काही नाही. पर्स उचलली, आणि निघताना कुणाच्याही घरातून निघावं तसं सवयीने तोंडातून गेलं, “येते हं.”

 पलीकडून हळूच आवाज आला, “तू आलीस होय? मग मी जाते.”

बारपाशी दीपकला विचारलं, त्या खिडकीच्या मागे कोण बसतं? तो म्हणाला, “पीछे दीवार है मॅडम. उस तरफ पार्किंग का रॅम्प.” मी बाहेर जाऊन बघून आले. रॅम्पच होता.

संध्याकाळी मिलिंद आला. मी चहा ठेवला आणि मुद्दाम म्हटलं, “मिलिंदराव, जेवलात का दुपारी?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खुर्चीत बसला आणि रडला, नितीन गेल्यानंतर पहिल्यांदा. खूप बोलला. नितीनने शेवटचा फोन केला तेव्हा हा मीटिंगमध्ये होता, नंतर करतो म्हणाला होता, तेही सांगितलं. मग पबबद्दल बोलला. “आवाज तुझाच होता. आधी वाटलं, मला वेड लागतंय. मग वाटलं, लागू दे.”

मी त्याला जे झालं ते सगळं सांगितलं. ‘जाते’ ऐकल्यावर त्याने कप खाली ठेवला. आपल्यात निघताना असं म्हणत नाहीत, म्हणाला. मी म्हटलं, तेच तर. ती मी असते तर ‘येते’ म्हणाले असते. त्या एका शब्दावर मी तिला पकडलं असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. म्हणजे ती दुसरीच कुणी तरी होती.

नंतर आम्ही दोघं एकदा जाऊन आलो. बराच वेळ बसलो, मिलिंदने टकटकही केली. काही नाही. दुसरा ग्लास शेवटी मीच प्यायले.

आता घरात बोलणं असतं. मी विचारते, तो सांगतो, ईरासुद्धा मधेच एखादं मराठी वाक्य टाकते. हे इथेच संपवलं असतं. पण गेल्या आठवड्यात क्लिनिकला उशीर होत होता, मी चपला घालत दारातून मिलिंदला म्हटलं, “चल, जाते मी.”

मागे कपबशीचा आवाज थांबला. वळून बघितलं तर तो माझ्याकडे बघत होता, मी त्याचे खिसे तपासताना जशी बघायचे, अगदी तसा. मी घाईघाईने म्हटलं, येते. येते म्हणायचं होतं मला.

तो बरं म्हणाला. पण तेव्हापासून मी काही बोलले की तो आधी क्षणभर कान देऊन ऐकतो, मग उत्तर देतो. आणि तो शब्द माझ्या तोंडात कुठून आला, हे मला अजून कळलेलं नाही.