रिव्हर्स घेताना खांबाला धडक

गाडी शिकवणाऱ्या बाईंना त्यांचे विद्यार्थी पाठीमागे क्लचबाई म्हणत. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत बाईंच्या तोंडी एकच शब्द असे, "क्लच. अहो, क्लच." हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. अठरा वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली, पण स्वतःच्या राखाडी गाडीला ओरखडा उठू दिला नाही. विमा कंपनीकडे कधी भरपाई मागितली नाही, त्यामुळे नो-क्लेम बोनस वाढत वाढत सूट पार वरच्या पायरीला पोचली होती. बाईंनी तो कागद फ्रेम करून ऑफिसात खुर्चीमागे लावला होता, डॉक्टर लोक पदवी लावतात तसा.

नवरा बॉयलरचा फिटर. त्याला परदेशात दोन वर्षांचं काम मिळालं आणि दोघं निघाली. निघताना विमा एजंटनं बजावलं, "पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांत रिन्यू झाली नाही, तर इतक्या वर्षांचा बोनस पाण्यात. तिकडे असलात तरी तारीख चुकवू नका." बाईंनी तारीख चुकवली नाही. परक्या देशात, परक्या स्वयंपाकघरात बसून दोन्ही वर्षं त्यांनी आठ दिवस आधीच पॉलिसी रिन्यू केली.

गाडीची किल्ली दिराकडे होती. दीर दुधाच्या कंपनीत वाहतूक विभागाचा साहेब. साठ टँकर त्याच्या हाताखाली. टँकरला पोचा आला की ड्रायव्हर तीन दिवस घरी, वर सगळ्यांदेखत खरडपट्टी. बाई त्याला म्हणाल्या होत्या, "भाऊजी, आठवड्यातून एकदा इंजिन तेवढं चालू करा. पार्किंगच्या बाहेर काढू नका."

"वहिनी, साठ गाड्या सांभाळतो मी. तुमची एक काय मला जड आहे?"

परत आल्यावर दोन महिन्यांनी एजंटचा फोन आला. आवाज पडलेला. "बाई, यंदा बोनस शून्य. मागच्या रिन्यूअलनंतर, तुम्ही तिकडे असताना, क्लेम झालाय तुमच्या नावावर. सह्या झालेले कागद आले, मला वाटलं तुम्हीच पाठवलेत."

बाईंनी क्लेमच्या फॉर्मची प्रत काढून आणली आणि ऑफिसात दार लावून वाचली. चालक: मालक स्वतः. कारण: रिव्हर्स घेताना खांबाला धडक. खाली त्यांची सही, म्हणजे कुणीतरी जीव ओतून गिरवलेली. त्या तारखेला बाई तीन विमानं बदलून जावं लागेल इतक्या दूर होत्या. गाडीला मागचा नवा बंपर बसला होता आणि रंगात इतका बेमालूम मिसळला होता की त्यांच्याही नजरेतून सुटला. पण त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली ती एकच ओळ. रिव्हर्स घेताना. खांबाला. अठरा वर्षं ज्यांनी लोकांना रिव्हर्स शिकवला, त्यांच्याच नावावर.

त्या सरळ दिराच्या घरी गेल्या. तो कामावर होता. जावेनं भाजी चिरता चिरता सगळं सांगून टाकलं. दुकानांच्या तळघरात पार्किंग करताना त्यानं गाडी ठोकली. त्याचं स्वतःचं लायसन्स संपून दीड वर्ष झालं होतं, त्याच्या नावावर क्लेम मिळालाच नसता. "मी म्हटलं त्यांना, ताईंना फोन करा. तर म्हणाले, बायका ठोकतातच, कुणाला संशय येणार नाही."

बाईंनी चहा संपवला, कप विसळून ठेवला.

नवरा म्हणाला, "भाऊ आहे माझा. हप्ता जास्त येईल तो मी भरतो, विषय संपव."

"हप्त्याचा विषयच नाही," बाई म्हणाल्या.

पंधरा दिवस त्यांनी कागद जमवले. मग दिराला ऑफिसात बोलावलं. टेबलावर क्लेमची प्रत, पासपोर्टवरच्या शिक्क्यांची प्रत आणि एक बंद पाकीट. पाकिटावर दूध कंपनीच्या मोठ्या साहेबाचा पत्ता. दिरानं पाकीट पाहिलं आणि न सांगता खाली बसला.

"विमा कंपनीला खरं काय ते लिहून द्यायचं आणि भरपाई परत करायची," बाई म्हणाल्या. "आणि लायसन्स नव्यानं काढायचं. शिकवणी माझ्याकडे."

"वहिनी, वीस वर्षं गाडी चालवतोय मी."

"त्यातलं दीड वर्ष लायसन्स नसताना. सोमवारी साडेतीनला या."

साडेतीन ही वेळ त्यांनी विचार करून निवडली होती. दूध कंपनीच्या गेटावर तेव्हा पाळी बदलते आणि सगळे ड्रायव्हर बाहेर टपरीवर असतात.

सोमवारी शिकवणीची गाडी, टपावर हातभर पाटी, स्टिअरिंगवर घामाघूम साहेब. गेटासमोर आल्यावर बाई म्हणाल्या, "इथं वळवा. रिव्हर्समध्ये." गाडी दोनदा बंद पडली. टपरीवरचं बोलणं थांबलं. बाईंनी काच खाली केली आणि नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत म्हणाल्या, "क्लच. अहो, क्लच. मागं खांब आहे, दिसतोय ना?" ड्रायव्हरांतलं कुणी हसलं नाही. हातातले ग्लास तसेच धरून सगळे साहेबाकडे बघत राहिले.

असे चौदा दिवस. पाचव्या दिवशीच त्याचा रिव्हर्स चांगला जमत होता, पण परीक्षेला कधी पाठवायचं ते बाईंच्या हातात होतं. रोज घरी येताना त्यांना भूक लागलेली असे आणि त्या दोन घास जास्त जेवत.

विमा कंपनीनं घोळ घालायचा तेवढा घातला. चौकशीचा माणूस आला, त्यानं दिराकडून तोच जबाब तीनदा लिहून घेतला. दिरानं भरपाई परत केली. अखेर क्लेम रद्द झाला आणि सूट जशीच्या तशी नव्या पॉलिसीवर आली. दीर परीक्षा पास झाला. पाकीट बाईंनी त्याच्यासमोर फाडलं. आत कोरा कागद होता, तोही त्यांनी त्याला दाखवला. तो उठला आणि दार न लावता निघून गेला.

त्यानंतर त्यानं भावाच्या घरात पाऊल टाकलं नाही. नवरा एकदा जेवताना म्हणाला, "सूट मिळाली ना परत? आता तू फोन कर त्याला."

"त्यानं आधी माझी माफी मागू दे. आजवर एका शब्दानं मागितलेली नाही," बाई म्हणाल्या आणि त्याला पोळी वाढली.

पुढच्या महिन्यात जाऊ शिकवणीत नाव नोंदवायला आली. नवऱ्याला सांगितलंय का, असं बाईंनी विचारलं. "नाही," ती म्हणाली. बाईंनी वहीत तिची वेळ लिहिली, सकाळी दहा, आणि दूध कंपनीचा रस्ता टाळून दुसरा रस्ता ठरवला.