उपाशी रक्त आणि मांजरसुंब्याची भजी

सहा माणसांना आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवून मी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर भजी खात बसलो. चूक माझी; भजी निर्दोष होती.

युसूफ वडगाव या गावी निघालो होतो ते डेंगीतून उठलेल्या सहा जणांचं रक्त आणायला. तापानंतर रक्तातल्या चरबीचं तंत्र कधी ताळ्यावर येतं, ते आमच्या प्रयोगशाळेला बघायचं होतं. पोटात जेवण असलं की रक्तात त्याचीच चरबी दिसते. म्हणून ‘रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही नको, सकाळी आठला मी हजर’ असं फोनवर मीच बजावलं होतं. बीडचा मुक्काम हलवून पहाटेच निघालो, म्हणून वाटलं, वेळ आहे. मग दुसरी प्लेट, मग चहा, मग नेकनूरच्या पुढे पंक्चर.

पावणेदहाला गावात शिरलो. पाच जण देवळाच्या ओट्यावर तोंडं सुकवून बसलेले. सहाव्या काशीबाई, शेळ्या राखणाऱ्या. सगळ्यांत कडक ताप त्यांनाच आला होता. आठ दिवस दवाखान्यात. त्यांच्या रक्ताशिवाय माझी अख्खी फेरी फुकट. धावत त्यांच्या घरी गेलो, तर बाई भाकरीचा तुकडा मोडून कोरड्यासात (पातळ कालवणात) बुडवताहेत!

“थांबा!” मी दारातूनच ओरडलो. नमस्कार राहिलाच.

त्यांनी तुकडा खाली ठेवला आणि माझ्या सदऱ्यावरचा तेलाचा डाग नीट बघितला.

“कावून (का) थांबायचं? माज्यापायी शेळ्याबी सकाळधरनं दाव्यालाच हायेत. त्या वरडतेत, मी गप हाय, येवढाच फरक.”

अंगणातून शेळ्यांनी दुजोरा दिला.

“रगतात काय बघता म्हनं?” त्यांनी हात पुढे केला.

सुई लावता लावता मी रंगात आलो. “विषाणूकडं स्वतःचं काही नसतं, काशीबाई. तो पेशीत घुसतो. तिथं चरबीचे बारीक थेंब साठवलेले असतात, ते सरपणासारखे जाळतो. पेशीच्याच चरबीचं पांघरूण करतो. मग एकाचे हजार होऊन बाहेर पडतो.”

“आन् पेशी?”

“तिचे हाल.”

“हं,” म्हणत त्यांनी सुईच्या जागी कापूस दाबून धरला.

ओट्यावरच्या पाच जणांचंही रक्त घेतलं, नळ्या बर्फात ठेवल्या. निरोप घ्यायला परत गेलो, तोवर काशीबाईंनी शेजारणीबरोबर शेळ्या रानात धाडल्या होत्या. “आता जेवूनच जा,” म्हणाल्या. मी एकदा रीतीपुरतं नको म्हटलं आणि मग ठेच्यावर शेंगदाण्याचं तेल ओतून घेत तीन भाकरी संपवल्या. प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं नळीवरचा आकडा वाचत आलो. ती नळी भरायला कुणीतरी मोडलेला तुकडा खाली ठेवलेला असतो, हे त्या आकड्यात कुठं लिहिलेलं नसतं.

गाडीत बसताना मी ऐटीत म्हणालो, “पुढच्या महिन्यात परत येतो. प्रयोगशाळेतल्या आणखी चार जणांना घेऊन!”

काशीबाईंनी तेलाची रिकामी बरणी उलटी करून दाखवली.

“या की. तुमच्या विषाणूचंबी असंच हाय न्हवं? घरात घुसायचं, घरचं तेल संपवायचं, आन् एकाचे पाच होऊन यायचं.”