आमचं काही अडलेलं नाही

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुण्यात अकरा वर्षं काढली, तिथले लोक सांगायचे. वर्ध्याजवळच्या सेलूला परत आलो तर घरचे सांगतात. पण मीटिंगमध्ये माझा आवाज कधी चढला नाही आणि त्याचा मला केवढा गर्व होता बाप्पा! जिथे भांडायला पाहिजे होतं तिथे मी गोड बोललो, आणि घरी येऊन भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं.

आमची कंपनी माल वाहणाऱ्या ट्रकवाल्यांसाठी एक सॉफ्टवेअर करायची. माल कुठे भरला, गाडी कोणती, ड्रायव्हर कोण, पोचला कधी, सगळं एका जागी. काम चार टीमना वाटून दिलेलं. दोन टीम पुण्यात, एक इंदूरला आणि चौथी आमच्या सेलूत. दोन-दोन आठवड्यांचे टप्पे, त्याला स्प्रिंट म्हणतात, आणि या सगळ्या पद्धतीला स्क्रम. चार टीमचं काम एकमेकांत अडकू नये हे पाहणं ही माझी नोकरी. आईनं एकदा विचारलं तर मी सांगितलं, चार आचारी मिळून एकाच पंगतीचा स्वयंपाक करतात, आणि मी नुसता फिरतो न् विचारतो, मीठ टाकलं का. ती म्हणाली, "अन् याचा पगार देतेत तुले?"

रोज सकाळी साडेदहाला प्रत्येक टीमचा एकेक माणूस व्हिडिओवर यायचा. तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं. कोणी "अडलं" म्हटलं की मी बोर्डावर लाल खूण करायची, कोणाच्या कामापायी अडलं ते लिहायचं, आणि त्याच्या मागे लागायचं. बोर्ड म्हणजे कम्प्युटरवरचं एक पान. ते पुण्याचे मोठे साहेबही उघडून पाहायचे.

सेलूची टीम पाच जणांची. एका कृषी केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये बसायची. जिना चढताना फवारणीच्या औषधाचा वास यायचा, आणि मे महिन्यात दोन कूलर लावूनही पंख्याखालच्या जागेसाठी मारामाऱ्या. ड्रायव्हरच्या मोबाइलवर जे दिसतं ते हे लोक करायचे. म्हणजे सगळ्यात शेवटचं काम. आधीच्या तिघांनी पाठवल्याशिवाय ह्यांच्या हाती काहीच नाही. त्यांचा दोन दिवस उशीर झाला की हे दोन दिवस हातावर हात धरून बसणार.

या टीमच्या वतीनं मीटिंगला यायची ती मोठी आंजी गावची एक मुलगी. घराण्यातली पहिली इंजिनिअर. वडील गेलेले, आईची उजवी बाजू लकव्यानं गेलेली, घरात दोघीच. सकाळी आईचं सगळं करून, शेजारणीला किल्ली देऊन, आंजीहून वर्धा, वर्ध्याहून सेलू अशा दोन एसट्या करत ती यायची. पुण्याहून दोनदा बोलावणं आलं होतं, गेली नाही. कामावर आली त्याच आठवड्यात तिनं मला सांगून टाकलं, "दादा, हे काम सेलूत आहे मनून मी करून राह्यली. हे गेलं त मले आई सोडा लागन, नाईतर काम." हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिनं मीटिंगमध्ये सरळ सांगितलं, "आमी अडलो आहो. पुण्याच्या टीमकडून माल उतरवाच्या पत्त्याचं काम अजून आलंच नाई." पुण्याच्या टीमचा पोरगा म्हणाला, "आमच्याकडून झालंय. नाचता येईना, अंगण वाकडं." कोणाचा तरी माइक चालू राहिला होता, त्याच्यातून हसू ऐकू आलं, आणि कोणीतरी तिच्यासारखंच "अडलो आहो" म्हणून दाखवलं. तिचा चेहरा लाल झाला. मला असा राग आला होता की एकेकाला स्क्रीनमधून ओढून हाणावं. पण मी काय केलं? बोर्डावर लाल खूण केली आणि "चला, पुढे जाऊया," म्हणालो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा घोडा मी, आणि "पुढे जाऊया"!

मीटिंगनंतर बस स्टँडसमोरच्या टपरीवर तिला चहाला नेलं. आपल्याकडे घरचं रडगाणं चारचौघांत गात नाहीत. सोयऱ्यांसमोर ताटात काही कमी पडलं तरी माणूस "भरलं पोट" म्हणून उठतो. मी त्याच मातीतला. तिला म्हणालो, "पोरी, तिथं सांगत नको जाऊ. त्याइले मजा वाटते. मले इथं सांगजो. मी पायतो." तिनं विचारलं, "पण दादा, बोर्डावर?" मी म्हणालो, "अवं, झाकली मूठ सव्वा लाखाची." म्हणीसुद्धा किती वेळेवर सुचतात माणसाला.

तेव्हापासून दीड वर्ष तसंच चाललं. मीटिंगमध्ये ती पाठ केलेल्या पुणेरी मराठीत सांगायची, "आमचं काही अडलेलं नाही." मग टपरीवर आपल्या भाषेत सांगायची, काय काय अडलं ते. मी फोन लावायचो. पुण्याच्या पोराला चुचकारायचं, इंदूरवाल्याला भैया म्हणायचं, काम काढून आणायचं. काम यायचं, पण दोन दिवस, तीन दिवस उशिरा. सेलूची टीम प्रत्येक स्प्रिंटला थोडी मागे राहायची. बोर्डावर मात्र त्यांच्यापुढे लाल काहीच नाही. आणि आमची मीटिंग दहा मिनिटांत उरकायची. साहेब बाकीच्यांना सांगायचे, यांच्याकडून शिका. मी रोज बोर्डावर मीटिंगची वेळ लिहून ठेवायचो, किती मिनिटांत संपली ती. हौस माझी.

एक शनिवार आठवतो. कारंजाच्या हायवेवर एका ढाब्यावर गेलतो आम्ही, ड्रायव्हर लोकांच्या हातात ॲप देऊन पाहायला. एका म्हाताऱ्या सरदारजीनं मोबाइल हातात घेतला, माल उतरवायचा पत्ता उघडला, तर पान कोरं. "बेटा, इसमें तो कुछ दिखता ही नहीं." पुण्याहून पाठवायचं ते पाठवलंच नव्हतं. तिनं हसून म्हटलं, "आ रहा है चाचाजी, बस," आणि माझ्याकडे पाहिलं. मी ढाब्यामागे, भांडी घासायच्या जागी जाऊन पुण्याला फोन लावला. तासाभरानं पत्ता दिसला. तोवर सरदारजी जेवून निघून गेला होता. सोमवारी पुण्याची टीम म्हणाली, "ड्रायव्हरकडची चाचणी सेलूकडून अपूर्ण." तिनं सांगितलं, "आमचं काही अडलेलं नाही." मी ऐकून घेतलं.

मग कंपनीनं ठरवलं, चारच्या तीन टीम करायच्या. साहेबांनी मला एकट्यालाच व्हिडिओवर घेतलं. सभ्य माणूस, अहो-जाहो करणारा. म्हणाले, "तुमचा बोर्ड फार स्वच्छ असतो, म्हणून त्याच्यावरूनच ठरवतोय. बाकी तिन्ही टीम अडतात, तसं सांगतात, सुटतं. सेलूवाल्यांना दीड वर्षात एक लाल खूण. तीही दुसऱ्या आठवड्यातली. आणि तरी काम दरवेळी मागे. जे अडतही नाहीत आणि वेळेवर देतही नाहीत, त्यांना काय म्हणायचं?"

मी म्हणालो, "तसं नाही साहेब. ते अडायचे. मी फोनवर सोडवायचो."

"बोर्डावर कुठे आहे?"

मी बोर्डाचं पान नुसतं वर-खाली सरकवत राहिलो.

"म्हणजे दीड वर्ष मी जो बोर्ड पाहत होतो, तो खोटा होता?"

आवाज चढवला नव्हता त्यांनी. शांतपणे विचारलं होतं. एक "हो" म्हणायचं होतं मला. हो साहेब, खोटा होता, मी खोटा ठेवला, त्या पोरांचा दोष नाही. एवढंच. पण मला माझी खुर्ची दिसली. या वयात पुन्हा पुण्याच्या खोलीत राहणं दिसलं. मी म्हणालो, "खोटा नाही साहेब. छोट्या छोट्या गोष्टी होत्या. लिहिण्यासारख्या नव्हत्या."

"मग ठीक आहे," साहेब म्हणाले, आणि सेलूचं ठरलं.

थू माझ्या जिंदगीवर, असं तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. वाटून काय उपयोग?

दोन दिवसांनी टीमला पत्र आलं. तिच्यासाठी पुण्यात एक जागा ठेवली होती, म्हणजे नसल्यासारखीच. टपरीवर तिनं चहा हातात धरून ठेवला, प्यायली नाही. म्हणाली, "दादा, एक विचारू? तुमी साहेबाले सांगतलं ना, का आमी बाकीच्याइच्या कामापायी थांबून राहत होतो मनून?"

"सांगतलं ना."

"सगळं?"

"सगळं. कारंजाचंबी."

"मंग काय मनले ते?"

"त्याइचं आधीच ठरलं होतं."

तिनं मोठा श्वास सोडला. "मंग ठीक आहे. मले दोन दिवसापासून वाटून राह्यलं होतं का मीच कमी पडली. पोट्टेबी मलेच पाहून राह्यले होते. आता सांगते त्याइले." आणि मग तिनं तो गार झालेला चहा एका दमात संपवला. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली असती तर मी कदाचित खरं बोललो असतो. कदाचित. ती तर मलाच म्हणाली, "तुमी काऊन तोंड पाडून राह्यले? आंजीत ऑनलाइन फॉर्म भराच्या दुकानात माणूस पाह्यजे मनतेत. होते काहीतरी."

तिच्या शेवटच्या दिवशी साहेब मुद्दाम निरोप द्यायला मीटिंगला आले. पुण्याच्या दोन्ही टीमनी आपलं सांगितलं. इंदूरवाला एका कामात अडला होता, मी लाल खूण केली. मग तिची पाळी. काल काम पुण्याच्या टीमकडे सोपवलं, आज लॅपटॉप परत करणार. "आमचं काही अडलेलं नाही," ती म्हणाली, आणि थांबली. मग दीड वर्षात पहिल्यांदाच त्या मीटिंगमध्ये तिनं आपल्या बोलीत तोंड उघडलं.

"मले एक सांगाचं आहे. आमी लय वेळा अडलो. पण दादानं चारचौघात आमची मान कधी खाली होऊ देली नाई. अन् शेवटी साहेबालेबी सगळं सांगतलं त्याइनं, आमच्यासाठी. तेवढं कोन करते? बस, एवढंच."

या वेळी कोणी हसलं नाही. साहेब स्क्रीनमधून पाहत होते. त्यांना माहीत होतं मी काय सांगितलं होतं आणि काय नाही. ते माझ्यासाठी थांबले असावेत. ती हसत होती, तिच्यामागे टीमची चार पोरं उभी होती.

"चला," मी म्हणालो, "आणखी काही नसेल तर थांबूया."

मीटिंग नऊ मिनिटांत संपली. मी वेळ बोर्डावर लिहिली.